पहिल्या दिवशी महापौर बोलत नाही

आमच्या इतिहासाच्या बाईंचा राग त्यांच्या आधी वर्गात यायचा. जिन्यात आवाज ऐकू आला की आम्ही समजायचो, आज कुठल्यातरी गव्हर्नराची धडगत नाही. पार्ल्यातल्या निम्म्या घरांतली मुलं त्यांच्या हाताखालून गेली आणि पाठीमागे सगळीच त्यांना मेयरबाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

पुस्तकात गव्हर्नर ओळीनं उभे असायचे. कोण कुठल्या बोटीनं आला, कुणी तटबंदी बांधली, कुणाच्या नावाचा रस्ता झाला. बाई ते पान भराभर वाचून टाकायच्या आणि पुस्तक मिटून म्हणायच्या, "गव्हर्नर वरून येतो, महापौर खालून जातो. एवढं कळलं तरी पुष्कळ." गव्हर्नराला समुद्राकाठी बंगला, उकडायला लागलं की महाबळेश्वर आणि मुदत संपली की परतीची बोट. महापौराला मात्र जिथलं गटार तुंबलंय त्याच गल्लीत परत झोपायला जायचं असतं. त्याच्या हातात झग्यापलीकडे फारसं काही नसतं, खरा कारभार वरून नेमलेला आयुक्तच हाकतो, हेही त्या लपवायच्या नाहीत. ते सांगताना मात्र हमखास खडू मोडायचा. "गव्हर्नर संपले असं कोण म्हणतं? पूर्वी बोटीनं यायचे, आता फायलीतून येतात."

हे नुसतं सांगून त्यांचं भागत नसे. दरवर्षी त्या शेजारच्या तुकडीतला एखादा मुलगा आणून आठवडाभर आमच्यावर गव्हर्नर नेमायच्या. तो बाईंच्या खुर्चीत बसून हुकूम सोडायचा. बुटक्या मुलांना मागे धाडायचा, भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घ्यायला सांगायचा. आमच्यातल्या कुणाचं नावही त्याला माहीत नसायचं. आठवडा संपेपर्यंत वर्ग खदखदत असे, आणि मग हात वर करून आम्ही आमचा महापौर निवडायचो. त्याला खुर्ची नाही. पहिल्या दिवशी त्यानं फळ्यापाशी उभं राहायचं, प्रत्येकानं आपली तक्रार सांगायची आणि त्यानं चकार शब्द काढायचा नाही.

सातवीत मी निवडून आले. मला वाटलं, टाळ्या होतील. पहिलीच तक्रार माझ्या जिवलग मैत्रिणीनं केली, की ही डबा खाऊन बाकाखाली खरकटं टाकते. मी म्हटलं, "पण बाई..." बाई कडाडल्या, "पहिल्या दिवशी महापौर बोलत नाही. ऐकतो." सगळा तास मी उभी होते आणि शेवटी रडत होते. त्या दिवशी मला बाईंचा भयंकर राग आला होता.

शाळा सुटली, लग्न झालं आणि योगायोगानं मी बाईंच्याच गल्लीत राहायला आले. त्या निवृत्त झाल्या होत्या, एकट्या होत्या, पण राग शाबूत होता. पाणी कमी आलं की काठी टेकत थेट नगरसेवकाच्या घरी. पक्ष कुठलाही असो, तो दार उघडून आधी नमस्कार करायचा, कारण त्यानंही कधीतरी फळ्यापाशी उभं राहून ऐकून घेतलेलं असायचं. पाणी येई. कधी नाही यायचं, पण निदान कुणाला बोल लावायचा ते माहीत असे.

मग ती वर्षं आली. महापालिकेची मुदत संपली, निवडणुका काही होईनात. नगरसेवक नाही, महापौर नाही, कारभार प्रशासकाकडे. बाईंनी बातमी वाचली आणि पेपर माझ्यासमोर आपटला. "घे. आणून बसवला की नाही पुन्हा गव्हर्नर?"

त्याच सुमारास सिमेंटचा करायचा म्हणून आमचा रस्ता उखडला. अर्धा झाला आणि कंत्राटदार गायब. बाईंच्या फाटकापुढे खड्डा, त्यावर एक हलती फळी. बाई वॉर्ड ऑफिसात जायच्या, मी सोबत असायचे. साहेब मीटिंगला गेलेले असत, नाहीतर साइटवर. एकदा एक तरुण इंजिनीअर सापडला. बाईंनी शांतपणे विचारलं, "बाळ, तू राहतोस कुठे?" तो म्हणाला, विरारला. "म्हणजे संध्याकाळची बोट पकडून जाणार," बाई म्हणाल्या. तो हसला. त्याला काय कळणार? ऑनलाइन तक्रार टाका म्हणाला. आम्ही टाकली. उत्तर आलं, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. खड्डा जिथल्या तिथे.

त्या फळीवरून बाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पुन्हा चालणं काही झालं नाही. मी रोज जात असे आणि त्या रोज एकच विचारायच्या, निवडणूक लागली का? मी चिडून म्हटलं, "बाई, कशाला हवीय तुम्हाला निवडणूक? कोण काय दिवे लावणार आहे?" त्या म्हणाल्या, "दिवे नाही लावले तरी चालेल. मला त्याला एकदा या खड्ड्यापाशी उभं करायचंय, बस." शेवटी न्यूमोनियाचं निमित्त झालं. डॉक्टर काहीही लिहोत, बाईंना त्या खड्ड्यानं खाल्लं. हे मी कुणालाही, कुठेही सांगेन. तिरडीसुद्धा त्याच फळीवरून न्यावी लागली. खांदेकऱ्यांना एकेक करून पलीकडे जावं लागलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

पुढे निवडणूक झाली. मतदान आमच्याच शाळेत होतं. निकालानंतर गल्लीत बॅनर लागले, त्यातला सगळ्यात मोठा नेमका बाईंच्या फाटकावर. रविवारी ताशे वाजवत नवा नगरसेवक आला. चाळिशीचा, हार घातलेला, चेहऱ्यानं बरा. खड्ड्याला वळसा घालून तो उभा राहिला आणि माइक हातात घेऊन म्हणाला, "माझ्या तमाम पार्लेकर बंधू-भगिनींनो..."

मी पुढे गेले. माझा आवाज इतका चढेल असं मलाही वाटलं नव्हतं. म्हटलं, "पहिल्या दिवशी बोलायचं नाही. ऐकायचं. या फळीवरून आमच्या बाई पडल्या आणि गेल्या. ही माझी तक्रार."

त्याचा एक कार्यकर्ता म्हणाला, काकू, नंतर बोला ना, साहेबांना पुढे जायचंय. पण मागून कोणीतरी म्हणालं, आमच्याकडे तीन दिवस गढूळ पाणी येतंय. मग कोपऱ्यावरचे वाणी बोलले, मग दुसऱ्या मजल्यावरची सून, मग बाईंचे जुने विद्यार्थी, टक्कल पडलेले, एकामागून एक. नगरसेवकानं एकदा तोंड उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि माइक खाली केला.

ऊन चढत होतं. हाराची फुलं कोमेजली, तक्रारी संपत नव्हत्या. समोरच्या सोसायटीचा वॉचमन बिचारा चांगल्या मनानं आत जाऊन प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. मी ती त्याच्या हातातून घेतली, खाली ठेवलेल्या ताशांशेजारी भिंतीला लावून ठेवली आणि म्हटलं, "राहू दे. उभे राहतील ते."