मॅडमनी काढलेली ओळ

दुसऱ्यांच्या चुका छापणं हा माझा धंदा. ही एक माझी आहे — बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला का सांगतोय? नीट उत्तर नाही. ती आता आत मावत नाही, एवढंच.

मी हिंगोलीत वार्ताहर. काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक संशोधक बाई आल्या. तृतीयपंथी माणसांवर त्यांचं काम चालू होतं. आमच्याकडची बोली त्यांना उमजेना, म्हणून दुभाष्या म्हणून मी सोबत फिरलो. त्यांना मी मॅडम म्हणायचो.

वसमतकडच्या एका गावात — नाव लिहीत नाही — एक बाई राहायची. तिला सरू म्हणतो. ओळख पटेल असं बरंच बदललं आहे. जन्मली तेव्हा घरच्यांनी तिला मुलगा म्हटलं होतं. या गावात ती लग्न करून आली, बाई म्हणूनच. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. सासूला नाही, गावाला नाही. मूल व्हावं म्हणून सासू तिला देवदेव करत हिंडवायची, आणि सरू निमूट हिंडायची. हळद शिजवायच्या दिवसांत मात्र मजूर बायकांच्या टोळीत तिच्या तोंडाला लागायची सोय नसायची.

वसमतला तिच्या एका मैत्रिणीच्या खोलीवर आम्ही भेटलो. तिने आधी मॅडमनाच झापलं. "तुमी लोक आमच्यावर लिवता ते समदं मेल्यावानी काहून लिवता वो? भीक मागितली, मार खाल्ला, मेली — झालं! मी सासूसंगं भांडून राहिले, नांदून राहिले. हे कुठंच न्हाई."

मॅडमचा चेहरा उतरला. माझ्याही आधीच्या लेखांत तेच आहे, त्या म्हणाल्या. म्हणूनच आलेय.

मग सरू माझ्याकडे वळली. "भाऊ, ह्या बाईचं बोलणं मला कळत न्हाई. तुमी सांगा. घरी कळंल का?"

कुणालाच कळणार नाही, मी म्हणालो. शब्द मी दिला. मॅडमनी नाही.

त्या दुपारी बोलता बोलता तिने एक वाक्य टाकलं — हळदीवरून, स्वतःवरून. आम्ही तिघंही हसलो. ते वाक्य इथे लिहीत नाही. तशी ओळ वार्ताहराला वर्षातून एखादी मिळते.

अहवालातून मॅडमनी ती काढून टाकली. मला फोनवर म्हणाल्या, हे तिचं नेहमीचं बोलणं असणार, टोळीतल्या बायका ओळखतील. बरोबर, मी म्हणालो. मला समजलं नव्हतं? — नीट समजलं होतं.

अहवाल आला, मी त्याची बातमी केली. कोरडी होत होती. शिफारशी, निष्कर्ष — कोण वाचणार? मी ती ओळ घातली. चौकटीत, ठळक. नाव नाही, गाव नाही, म्हणजे शब्द पाळला — असं स्वतःला सांगितलंही. पटलं होतं का? मला आठवत नाही, आणि हे खोटं नाही.

कात्रण कुणाच्या तरी मोबाइलवर टोळीत पोचलं. बायका ती ओळ दर हंगामात ऐकत होत्या, मूल नसलेल्या बाईची थट्टा म्हणून. आता त्या ओळीच्या डोक्यावर तृतीयपंथीयांचा मथळा होता. संध्याकाळपर्यंत सासूने सरूचं गाठोडं अंगणात टाकलं. नवरा दारात उभा होता.

सरूचा फोन आला. रडत नव्हती. "भाऊ, कुणी केलं हे?"

मी म्हणालो, "मॅडमनी छापलं, ताई. आता त्यांचा फोन आला तर उचलू नका."

सांगायचं होतं ते हे.

ओळ घातली ती हाव होती. हावेला चूक म्हणता आलं असतं. हे मी शांत डोक्याने केलं — बातमीचा मथळा ठरवतात तसं. मॅडमचे फोन मलाही आले. मीही उचलले नाहीत. त्या दोघी पुन्हा बोलल्या असत्या तर? म्हणून बोलू दिलं नाही.

मॅडमनी दगा दिल्याचं सरूने मैत्रिणींना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. आता अभ्यासाला कुणी आलं की माझ्याकडेच येतं. इकडची ही माणसं संशयी आहेत, बाहेरच्यांशी बोलत नाहीत, असं मी सांगतो. ते तसंच लिहून घेतात. तसंच छापून येतं.

सरू आता एका मोठ्या स्टेशनवर गाड्यांत मागते. दोनदा मार खाल्ला. कुणी तिच्यावर लिहिलं तर जुन्या लेखांतलंच लिहील — आणि ते खरं असेल.

अधूनमधून ती मला फोन करते. माझा एकट्याचाच नंबर तिने ठेवलाय. परवा विचारत होती, "भाऊ, मी त्या बाईचं काय वाईट केलतं? तिनं असं काहून केलं असंल?"

"मोठ्या शहरातली माणसं, ताई," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली.