रिकाम्या काट्यावरचे साठ किलो

तुळजापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सतरा वर्षं झाली. बंद पडलेल्या लॅपटॉपला लिंबू-मिरची बांधून आणणारे लोक मी पाहिलेत. ती काढून, रॅम पुसून, मशीन चालू करून परत दिलंय. बिघाडाचं कारण सापडतंच — आज नाही तर उद्या. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचे तेसुद्धा निव्वळ गंमत म्हणून. पण गेल्या एप्रिलपासून एक गोष्ट सापडत नाहीये... आणि ती मी घरीसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही.

तामलवाडीच्या अलीकडं, सोलापूर रोडला लागून एक वजनकाटा आहे. मालक बसवराज अप्पा. काटा म्हणजे जमिनीत बसवलेली भली मोठी लोखंडी प्लेट, शेजारी एका खोलीचं केबिन, आत लाल आकड्यांचा डिस्प्ले, प्रिंटर आणि कॉम्प्युटर. भरलेल्या गाडीचं एकदा वजन होतं, माल उतरवून ती रिकामी परत आली की दुसऱ्यांदा. मधल्या वेळात तिची नोंद ‘अपूर्ण’ म्हणून पडून राहते.

अप्पांचा कॉम्प्युटर डॉसच्या जमान्यातला. तो एप्रिलमध्ये कायमचा गेला. मी म्हटलं, नवं सॉफ्टवेअर टाकू. अप्पा नको म्हणाले. जुनंच पाहिजे, जुन्या नोंदींसकट. का, म्हणून विचारलं तर त्यांनी बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर हात ठेवला.

मग म्हणाले, "त्यात शिवाची गाडी हाय."

शिवलिंग त्यांचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी सोयाबीन भरलेला ट्रॅक्टर घेऊन तो काट्यावर आला, वजन केलं, आणि माल उतरवून परत येताना पुलाजवळ ट्रॉली उलटली. जागीच गेला. ट्रॅक्टर भंगारात गेला. दुसरं वजन राहिलं ते राहिलंच. ती अपूर्ण नोंद अप्पांनी कुणाला पुसू दिली नव्हती.

मी बरं म्हटलं. जुन्या हार्डडिस्कची जशीच्या तशी कॉपी काढली, लिनक्सवर चालणारा, डब्याएवढा छोटा कॉम्प्युटर आणला आणि त्यात इम्युलेटर टाकला — म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेणारं सॉफ्टवेअर. तिकडं लाइटचा भरवसा नाही, म्हणून तो बॅकग्राउंड सर्व्हिस करून लावला. लाइट आली की डबा सुरू, आणि मागच्या मागं अप्पांचा प्रोग्रॅमही सुरू. कुणी काही दाबायला नको.

दुपारचा दीड वाजला असेल. लॅपटॉपवरून सगळं सेट करून मी तो मिटला, बॅगेत ठेवला, आणि डब्याचा प्लग काढून परत लावला — आपोआप उठतो का बघायला. हे नीट लक्षात घ्या, त्या वेळी डब्याला ना स्क्रीन होता, ना कीबोर्ड. दोन्ही अजून खोक्यात. वायरी होत्या फक्त लाइटची, प्रिंटरची आणि वजनाच्या डिस्प्लेची.

अप्पांनी थर्मासमधला चहा ओतला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, रस्ता मोकळा. खिडकीतून काट्याची अख्खी प्लेट दिसत होती. तिच्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

डिस्प्लेवर शून्य होतं. त्याचे साठ झाले.

उन्हानं सेन्सर सरकला असेल, मी म्हटलं. होतं असं कधी कधी. वायर बघायला उठले तेवढ्यात प्रिंटर सुरू झाला.

पावती मीच फाडून घेतली. चालक शिवलिंग. पहिलं वजन सात हजार चारशे ऐंशी, तारीख नऊ वर्षांपूर्वीची. दुसरं वजन साठ किलो, तारीख त्या दिवसाची. खाली — नोंद पूर्ण.

रिकामी ट्रॉलीसुद्धा दीड-दोन टनांची असते. साठ किलो म्हणजे एक माणूस. आणि दुसरं वजन काही आपोआप होत नाही. गाडीचा नंबर टाइप करावा लागतो, दोनदा एंटर मारावं लागतं. कशावर मारणार...

अप्पांनी पावती घेतली, वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चपला न घालताच बाहेर गेले. त्यांना अडवायला पाहिजे होतं, पण मी डिस्प्लेकडंच बघत राहिले. तापलेल्या लोखंडावरून अनवाणी चालत ते मधोमध जाऊन उभे राहिले.

साठाचे एकशे तीस झाले.

अप्पांनी खिडकीकडं तोंड केलं. एकदम साध्या आवाजात विचारलं, "ताई, किती दाखवतंय?"

"सत्तर," मी म्हणाले.

"माझं एकट्याचं?"

"व्हय अप्पा. तुमचं एकट्याचं."

ते मान हलवून उतरले. मी डिस्प्लेवरची नजर काढली नव्हती. ते उतरल्यावर साठ उरायला पाहिजे होते ना? आकडा एकशे तीसवरून सरळ शून्यावर आला.

अप्पा दारातून आत आले तेव्हा मी दोन पावलं मागं सरकले. ते त्यांनी पाहिलं. अजून लाज वाटते त्याची.

नंतर मी डब्याचा सगळा लॉग, म्हणजे आत कधी काय झालं त्याची यादी, तपासली. सर्व्हिस सुरू झाल्याची वेळ आहे, पावती छापल्याची वेळ आहे, मध्ये काही नाही. काटेवाल्या मेकॅनिकनं सेन्सर उघडून पाहिले, बिघाड नाही. डबा तेव्हापासून रोज व्यवस्थित चालतो म्हणे. मी परत गेलेली नाही. सोलापूरला जाताना त्या बाजूच्या खिडकीत बसत नाही.

गेल्या महिन्यात अप्पांचा फोन आला होता, दुसऱ्याच कामाचा. ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, त्या दिवशी नक्की सत्तरच होतं ना? मी पुन्हा हो म्हणाले. तरी त्यांनी फोन ठेवला नाही... शेवटी मीच ठेवला. एंटर कुणी मारलं, हे मला आजही सांगता येत नाही. आणि मी खोटं बोलले ते अप्पांना भीती वाटू नये म्हणून, की मलाच वाटत होती म्हणून — तेही नाही.