नववा माड

बाबलीच्या बायकोने माडांच्या खोडांवर होडीच्या निळ्या रंगाने इंग्रजी शब्द लिहायला घेतले, तेव्हा देवबागात कोणाला त्याचं मोठंसं नवल वाटलं नाही. शुभदा होतीच तशी. एकदा तिने गोठ्याच्या दारावर पाहुण्यांसाठी ‘स्वागत’ लिहिलं होतं नि म्हैस चार दिवस आत जायला तयार नव्हती. आताही माडांना एक ते बारा आकडे घातले आणि प्रत्येक आकड्याखाली एकेक शब्द रंगवला. शेजारच्या शेवंतीकाकीला वाटलं, गोऱ्या पाहुण्यांनी माड दत्तक घेतले असतील.

खरं कारण बाबलीलाच ठाऊक होतं, आणि तेही अर्धंमुर्धं.

देवबाग म्हणजे वाळूची एक जीभ. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये माणसं. बाबलीची होडी पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायची, आणि घरामागच्या दोन खोल्या शुभदा चालवायची. आपल्याकडची मंडळी फोन दाखवून पैसे भरतात, त्यात मध्ये कोणी हात घालत नाही. पण परदेशी पाहुण्यांना ते जमत नसे. ते कार्ड काढायचे. त्यासाठी एक मशीन घेतलं होतं. ते मशीन शंभरातले तीन रुपये स्वतःच खायचं, आणि पावसाळ्यात चार महिने पाहुणा नसला तरी भाडं मागायचं.

‘‘माझ्या सुरमयेची शेपटी मी ह्या डब्याक कित्याक घालू?’’ असं म्हणून शुभदाने एक दिवस मशीन परत दिलं.

पुढे एका जर्मन जोडप्याने तिला डिजिटल नाण्याची वाट दाखवली. त्यांच्या फोनातून तिच्या फोनात नाणं यायचं, मध्ये कार्डवाला नाही, बँक नाही. शुभदा दहावीपर्यंत शिकलेली, पण डोकं वकिलाचं. दोन दिवसांत सगळं शिकून घेतलं. फोन हरवला तर नाणी परत मिळवायला बारा शब्द असतात, ते क्रमाने लिहून ठेवायचे आणि कोणाला सांगायचे नाहीत, एवढी एकच अट होती. कागदाला आमच्या दमट हवेत वाळवी लागते. फोनात ठेवावं तर आधीचा फोन होडीतून पाण्यात गेलेला. म्हणून माड. शब्द सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असले की ते कोणी वाचत नाही, असं तिचं म्हणणं. आणि ते खरंच ठरलं. पाहुणे त्या माडांना टेकून फोटो काढून गेले, पण एकालाही काही कळलं नाही.

गेल्या आषाढातल्या उधाणाने मागच्या खोलीपुढचा दगडी बांध फोडला आणि जाताना नववा माड घेऊन गेलं. बाबलीने शब्दाचं विचारलं, तर शुभदा मासे धुता धुता म्हणाली की तो शब्द आपल्या तोंडपाठ आहे, काळजी नको.

पौषात एका सकाळी तिच्या पाठीत कळ आली. मालवणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

बाबली रडला नाही. तेराव्यापर्यंत लोक वाट बघत राहिले, आज रडेल, उद्या रडेल. तो आलेल्यांना पाणी द्यायचा, चटया घालायचा, चटया गुंडाळायचा. होडी ओढायची असली की ओढायची, नाहीतर पायरीवर बसायचं. जेवण समोर आलं की जेवायचा. काय जेवला विचारलं तर आठवायला जरा वेळ लागायचा. शेवंतीकाकी म्हणायची, याला कुठेतरी सुई टोचून बघायला हवी.

मुलगी आकांक्षा कुडाळला इस्पितळात नर्स. तिने शिमग्याला येऊन सरळ सांगितलं. बांध फुटलाय, पुढच्या पावसात खोलीचं जोतं जाईल, मग घर. बांध घालायला पैसा नाही. बाबा एकटे. मिरगाचा पाऊस लागायच्या आधी त्यांनी कुडाळला यायचं. आईच्या फोनातले पैसे मिळाले, बांध झाला, तर गोष्ट निराळी.

बाबलीला कशाचंच काही वाटत नव्हतं, पण कुडाळला जायचं नाही एवढं मात्र वाटत होतं. त्याच्या आत तेवढी एकच गोष्ट जागी होती. का जायचं नाही, हे त्याला सांगता आलं नसतं.

त्याने आधीच एक घोटाळा करून ठेवला होता. नाण्यांचं खातं उघडायला शुभदाचा गुप्त आकडा लागत होता. त्याने लग्नाची तारीख घातली, आकांक्षाची जन्मतारीख घातली, होडीचा नंबर घातला. दहा वेळा चुकल्यावर खात्याने दार कायमचं लावून घेतलं आणि बारा शब्द मागितले. माड अकराच उभे होते.

मालवणात कॉम्प्युटरचा क्लास घेणारी गौरजा नावाची बाई होती. तिने त्याला एक यादी छापून दिली. असे शब्द जगात दोन हजार अठ्ठेचाळीसच असतात, त्यांतलाच एक नवव्या जागी होता. मशीन लावून तो लगेच शोधता येईल, पण मग ते अकरा शब्द मशीनवाल्याला सांगावे लागतील. ओळखीचा एक जण अर्ध्या वाट्यावर करून देईल, असंही ती म्हणाली.

‘‘शुभदान सांगितल्यान हा, कोणाक सांगू नको,’’ बाबली म्हणाला.

‘‘काका, माडांवर लिहिलंय ना सगळं?’’

‘‘लिवलेला वेगळा. सांगूचा वेगळा.’’

गौरजाबाईंनी हात टेकले आणि एकेक शब्द घालून बघायचा कसा, ते त्याला शिकवलं.

चैत्रापासून बाबली पायरीवर तो फोन घेऊन बसायला लागला. प्रत्येक खेपेला बाराच्या बारा शब्द घालायचे. टनेल, ऑलिव्ह, गिटार, लॅडर असं करत आठ, मग यादीतला एक, मग उरलेले तीन. चूक शब्द असला की तांबडी ओळ यायची. यादीत पेन्सिलीने फुली मारायची नि पुढचा. दिवसाला चाळीस शब्द व्हायचे. एकेका अक्षराचे शब्द संपायला चारचार दिवस लागत. अर्थ कशाचाच ठाऊक नव्हता आणि त्याला तो हवाही नव्हता. जाळ्यातली गाठ सोडवताना माणूस गाठीचं नाव विचारत नाही.

‘‘रे बाबल्या, ह्या वयात दहावीक बसतंस काय रे?’’ शेवंतीकाकी कुंपणावरून विचारायची. ‘‘पास झालंस तर पेढे दी हां.’’

पहिल्याच दिवशी एक शब्द चालला. तांबडी ओळ आली नाही, दार उघडलं. बाबलीने काकीला हाक मारली. दोघं फोनवर वाकून बसली. आत शून्य होतं. पाच मिनिटं थांबली, दहा मिनिटं थांबली, शून्यच. संध्याकाळी गौरजाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, असं होणार. पंधरा-सोळा शब्दांमागे एक चुकीचा शब्दसुद्धा चालतो, पण ते घर दुसरं, रिकामं. काळजी करू नका, पुढे चला.

त्यानंतर दार उघडलं तरी त्याने कोणाला हाक मारली नाही. शून्य दिसलं की शब्दापुढे एक शून्य काढायचं नि पुढे जायचं. वैशाख तापला. आंब्याचे पाहुणे आले, मागच्या खोलीत समुद्र येतो म्हटल्यावर परत गेले. ‘एस’ची पानं काही संपेनात. फुली, फुली, फुली, शून्य. बोटं आपोआप चालत होती आणि बाबली त्यांच्याकडे लांबून बघत होता. खरं सांगायचं तर शुभदा गेल्यापासून त्याला बरे म्हणता येतील असे दिवस तेच होते. उठून करायला काहीतरी होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात यादी संपली. शेवटचा शब्द ‘झू’. त्यालाही फुली.

बाबलीने फोन चार्जिंगला लावला, यादी शुभदाच्या मसाल्याच्या डब्याखाली ठेवली आणि आकांक्षाला फोन करून सांगितलं की गावलं नाही. ती म्हणाली, रविवारी गाडी घेऊन येते.

आली ती पिशव्या घेऊनच. बाबली पायरीवर बसून राहिला. ती आत त्याचे शर्ट घडी करत होती, औषधं गुंडाळत होती, आईचे डबे खाली काढत होती. डबे काढता काढता यादी हाती लागली. आतली डब्यांची खुडबूड थांबली. बाबलीने मान वळवून पाहिलं तर ती चुलीपाशी यादी धरून उभी होती.

‘‘बाबा, फुली म्हणजे चूक. ही शून्यां कसली?’’

‘‘थंय दार उघडला. आत काय नव्हता.’’

‘‘किती वेळ थांबलास?’’

‘‘थांबान काय करतलंय? शून्य दिसला.’’

आकांक्षा गप्प झाली. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, तरी ती जागची हलली नाही. बाबलीला त्या गप्प राहण्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. पुढे कितीतरी दिवसांनी तो ध्यानात आला. तिला त्या वेळी नुसती यादी घडी करून पिशवीत टाकता आली असती. बाप तिच्या डोळ्यांपुढे राहिला असता, बांधाचा नि पावसाचा घोर संपला असता, आणि कोणालाही काही कळलं नसतं.

ती पायरीवर त्याच्या बाजूला येऊन बसली.

‘‘हयसर रेंज किती वाईट आसा, तुका ठावक आसा मां? मी माझा बँकेचा खाता हय उघडलंय तरी पयला शून्यच दिसता. मगे आकडो येता.’’

‘‘पयल्या खेपेक आम्ही दहा मिनटां थांबलेलंव. मी नि काकी.’’

‘‘तो शब्दच चुकीचो होतो. बाकीच्यांक थांबलंस?’’

बाबलीने यादीकडे पाहिलं. सव्वाशेच्या वर शून्यं होती. एवढी घरं त्याने उघडली होती आणि एकातही पाऊल न टाकता दार ओढून घेतलं होतं.

‘‘नाय,’’ तो म्हणाला.

गाडीवाल्याला तिने काय सांगितलं कोण जाणे, पण तो गेला. इस्पितळाला तिने दोन दिवसांची रजा कळवली. मग बाप-लेक खाडीकडच्या जेटीवर जाऊन बसली, कारण रेंज तिथे जरा बरी. तो शब्द घालायचा, ती मिनिटं बघायची. प्रत्येक घरासमोर दोन मिनिटं. पहिल्या दिवशी पन्नास झाली. जेटीवरचे लोक विचारून जात होते की बाबली नि त्याचं चेडू कुणाच्या फोनाची वाट बघतायत. शेवंतीकाकीने जेवण तिथेच आणून दिलं, आणि वर ऐकवलं की पेढ्यांचं तिने अजून सोडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ‘स्पून’ म्हणून एक शब्द घातला. दार उघडलं, शून्य आलं. बाबलीचं बोट सवयीने मागे फिरायला निघालं. आकांक्षाने ते धरलं. तिचा हात गरम होता, इस्पितळातल्या साबणाचा वास येत होता. दीडेक मिनिटाने शून्य हललं आणि त्याच्या जागी एक आकडा येऊन बसला. खाली एक लांबलचक यादी आली. दोन वर्षांत कोण कोण पाहुणे आले, किती दिलं, सगळं. एकेकापुढे शुभदाने मराठीत नाव घातलं होतं. ‘उंच जर्मन’. ‘कढी न आवडलेली’. ‘रडका मुलगा, चांगली आई’.

आकांक्षा ती नावं मोठ्याने वाचायला लागली आणि तिसऱ्या नावाला थांबली. पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावली. बाबली खाडीकडे बघत राहिला. समोरून एक रिकामी होडी जात होती. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत त्याने पाहिली.

‘‘बाबा, तुका काय वाटता?’’

त्याने विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

‘‘काय वाटणा नाय गो.’’

नाण्यांचे रुपये करायला गौरजाबाईंना आणखी आठ दिवस लागले. सरकारने आपला वाटा आधी काढून घेतला. उरलं त्यात काळ्या दगडाचा बांध होत होता, खोलीची डागडुजी होत नव्हती. आकांक्षा रजा काढून पुन्हा आली, तेव्हा मिरगाला दिवस उरले होते पाच. एवढ्यात बांध उभा राहत नाही, हे आकांक्षाला कळत होतं आणि बाबलीलाही कळत होतं. दगड येऊन पडतील, निम्मे रचले जातील, आणि पाऊस येईल. तोवर बांधाच्या जागी माणूसच उभा राहायला हवा.

आकांक्षाने पिशव्यांकडे बोट केलं. त्या अजून दाराशीच होत्या.

‘‘मगे? येतंस काय ऱ्हवतंस?’’

बाबली उठला. पिशवीचा बंद सोडला आणि शर्ट एकेक करून खुंटीवर अडकवायला लागला. घड्या मोडत होत्या. आकांक्षाने दोन शर्ट त्याच्या हातातून घेऊन नीट लावले, औषधं फळीवर ठेवली, कोणती सकाळची नि कोणती रात्रीची ते दोनदा सांगितलं. श्रावणात ती येईल, तोवर रोज संध्याकाळी फोन करायचा, पाणी पायरीला लागलं तर शहाणपणा न करता काकीकडे जायचं, असं सगळं बजावून ती दुपारच्या एसटीने गेली.

बाबलीने दगडवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आताच्या आता एक डंपर आहे, पण पावसाचा रंग बघता लोक थांबतायत, तुम्हीही गणपतीनंतर बघा.

‘‘नाय,’’ बाबली म्हणाला. ‘‘आजच घाल. मी हयच आसंय.’’