रेडा, मुंगूस आणि बाबांची झोप

आमच्या घरात पंखा एक आणि टीव्ही एक, आणि दोन्ही एकाच खोलीत. मे महिन्याच्या दुपारी बाबा त्याच खोलीत झोपायचे. मिठागरावरचं काम उजाडायच्या आधी सुरू होतं. ऊन डोक्यावर आलं की माणूस घरी येतो, भाकरी खातो आणि आडवा होतो, कारण उन्हं कलली की पुन्हा आगरावर जायचं असतं. त्या झोपेला आमच्याकडे देवापेक्षा जास्त मान होता. आणि नेमक्या त्याच वेळेला केबलवर आमचं कार्टून लागायचं.

तोडगा आईने काढला. "बघा, पन आवाज न्हाय. आवाज आयला तं डबा बंद." त्यामुळे मी आणि दादाने ते परदेशी कार्टून सगळ्या सुट्ट्यांमध्ये मुकंच पाहिलं.

त्यात मुख्य प्राणी दोन. एक भलामोठा, हाताचे पंजे पसरावेत तशा शिंगांचा. त्याला आम्ही रेडा म्हणायचो. दुसरा बुटका, तोंडावर पट्टे असलेला, तो मुंगूस. दोघांची घरं शेजारी, मध्ये कुंपण, आणि जिकडेतिकडे पांढरे ढीग. रेडा फावडं घेऊन ढीग उपसायचा आणि तो हमखास मुंगसाच्या दारात पडायचा. मुंगूस तो परत पाठवायचा. शेवटी सगळा ढीग रेड्याच्या डोक्यावर कोसळून फक्त शिंगं वर दिसायची. तिथे आम्ही लोळायचो, पण आवाज न करता. उशीचा कोपरा तोंडात कोंबून हसायची कला मला अजून येते.

ते पांढरं म्हणजे काय, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. आमच्या दारातून पाहिलं तर थेट खाडीपर्यंत पांढरे ढीगच होते. मीठच ते, दुसरं काय असणार? रेडा आणि मुंगूस हे शेजारशेजारचे आगरवाले, आणि भांडण मिठावरून. एवढ्या उन्हात दोघं लोकरीच्या टोप्या का घालतात, तेवढं मात्र कोडं होतं. दादा म्हणाला, मीठ केसांत जाऊ नये म्हणून. मला पटलं.

मुके प्राणी फार दिवस सोसवेनात, तेव्हा आम्हीच त्यांच्या तोंडी बोलणं घातलं. रेडा दादाचा, मुंगूस माझा. सगळं कुजबुजीत.

"आरं ए, मिठावर पाय नको देऊस!" दादा घोगऱ्या आवाजात गुरगुरायचा.

"तुजं मीठ? मंग माजा बांद कोनी फोडला?" मी चिरकायची.

"थांब, फावड्यानं मीठ ओढून घेतो, आन उधानाचं पानी येऊ दे, मंग दाखवतो तुला!"

बाबा भिंतीकडे तोंड करून घोरत पडलेले असायचे. एका संध्याकाळी डोक्याला टॉवेल गुंडाळता गुंडाळता ते दादाला म्हणाले, "मीठ फावड्यानं न्हाय ओढत. खालचा चिखल वर येतो. फळीनं ओढायचं." दादाने मिठाचा विषयही काढला नव्हता. आम्हाला वाटलं, पोराला कामधंदा शिकवतायत. दुसऱ्या दिवशी मुंगसाने रेड्याला फावड्यावरून यथेच्छ झापलं.

आता ते आगर नाही. खाडीचं पाणी आत शिरलं ते शिरलं, तिथे खारफुटी माजलीय. दादाचे ट्रक आहेत, मी माणगावला शाळेत शिकवते. आणि बाबांचे कान गेले. दादाने कानाचं यंत्र आणलं, ते त्यांनी जेमतेम वापरलं. "नुसती खरखर हाय," म्हणाले आणि डबीत घालून देव्हाऱ्याजवळ ठेवून दिलं. कानांचं एक वेळ चाललं असतं, पण त्यांनी बोलणंही सोडलं. आपल्याला ऐकू येत नाही तर बोलायचं कशाला, असा त्यांचा हिशेब असावा. दिवसभर ओटीवर बसून रस्त्याकडे बघायचे, जेवायला हात धरून आणावं लागायचं. मी सुट्टीला गेले की त्यांच्या कानाशी ओरडायची. पण ओरडून "जेवलात का" विचारता येतं, गप्पा मारता येत नाहीत. ते मान हलवायचे, झालं. आई फोनवर म्हणाली, "मानूस घरात हाय आन न्हाय." मला त्या वाक्याची भीती वाटली. हा माणूस असाच गप्प गप्प निघून जाणार आणि आपण बघत राहणार, असं वाटून रडू यायचं.

यंदाच्या मे महिन्यात मी तिथेच होते. दादाची मुलगी, दुसरीतून तिसरीत गेलेली, रिमोटने काहीबाही शोधत होती. "आत्या, हे बघ कसलं जुनं कार्टून!" आणि पडद्यावर आमचा रेडा.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा आवाज ऐकला. बारीक, गोड, अगदी मास्तरीणबाईंसारखा. भाचीने माझ्या ज्ञानात आणखी भर घातली. "मीठ काय, आत्या! बर्फ आहे तो." आणि भांडण कसलं? रेडा बिचारा शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढून द्यायला बघत होता, फक्त धांदरट होता. माझा फार विरस झाला. आमचं कितीतरी चांगलं होतं.

बाबा पाणी प्यायला आत आले होते. तांब्या हातातच राहिला. पडद्याकडे बघत ते हळूच खुर्चीच्या कडेला टेकले. मुंगूस ढिगावर चढला आणि बाबा, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे, खणखणीत ओरडले, "आरं ए, मिठावर पाय नको देऊस!"

आई पिठाचे हात घेऊन धावत आली. शब्द दादाचे, गुरगुरणंही दादाचंच. म्हणजे भिंतीकडे तोंड करून हा माणूस दुपारच्या दुपार जागा होता. ते फावडं, ती फळी! पहाटेपासून राबून आलेला माणूस आमची कुजबुज ऐकत पडून राहायचा आणि आम्ही गप्प होऊ नये म्हणून घोरायचासुद्धा.

भाचीला काही कळलं नव्हतं, पण ती पोट धरून हसत होती. मग मला म्हणाली, "आत्या, टीव्हीचा आवाज बंद कर ना. आजोबांचं नीट ऐकू येत नाही."

मी आवाज बंद केला. बाबांनी रेड्याच्या तोंडून मुंगसाला चार शिव्या हासडल्या, बांधाबद्दल दम दिला. भाची त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली. मग मुंगसाने तोंड उघडलं आणि बाबा थांबले. मुंगूस हातवारे करत राहिला, खोलीत चिडीचूप.

बाबांनी मान वळवली आणि वैतागून माझ्याकडे पाहिलं.

"बोल की. तुजी पाळी हाय."