पोवळं पांढरं का पडलं

भूकंपानंतरच्या लातुरात पत्र्याच्या खोलीला भाव होता, कारण स्लॅबखाली झोपायला कुणी धजत नसे. अकरावी-बारावीसाठी हदगावहून आलेला मी आणि अहमदपूरच्या एका शिंप्याचा मुलगा, आम्ही दोघं अशाच एका खोलीत दोन वर्षं भाजून निघालो. क्लासचे सर सांगत, प्रश्न वाचत बसू नका, पर्याय ओळखा. ती सवय इतकी जडली की मेसवाल्या मावशींनी "भाजी कशी झाली?" विचारलं, तरी आम्ही एका सुरात "पर्याय ब" म्हणायचो. वरण पाणचट असायचं, उकाड्यानं अंगावर घामोळं उठायचं, आणि तरी त्या खोलीकडं अजून जीव ओढतो.

पुढं मी रसायनशास्त्राचा मास्तर झालो. तो आखातात गेला. तिथं जमिनीतला गॅस गार करून पातळ करतात आणि जहाजांत भरून परदेशी धाडतात, तशा कारखान्यात लागला. त्या नोकरीवर त्यानं दोन बहिणींची लग्नं केली आणि वडिलांना मशीनवरून उठवलं.

एका ईदेला तो घरी आला होता. मी शिरखुर्मा खायला गेलो, तर त्यानं किनाऱ्यावर सापडलेला पोवळ्याचा पांढरा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"सुट्टीला नावेतून बघायला जायचो यार. पाण्याखाली नुसती रंगांची बाग होती. औंदा सगळं पांढरंफटक. समुद्र लई तापून राहिला म्हणतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू शिकवतोस ना? खरं सांग, ह्यात आमच्या गॅसचा हात हाय का?"

मी हातातली वाटीही खाली ठेवली नाही. "नैसर्गिक वायू म्हणजे स्वच्छ इंधन. कोळशापेक्षा बरं." त्यानं मान हलवली आणि मला आणखी शिरखुर्मा वाढला. गड्याचं ओझं उतरवलं, असं वाटून मी खूश होतो. काय अक्कल माझी!

मागच्या वर्षी त्याची लेक माझ्या नांदेडच्या वर्गात आली. बापासारखीच चिवट. "सर, कोळशापेक्षा बरं म्हणजे चांगलं का?" मग सगळं सांगावंच लागलं. जळला की हाही वायू पृथ्वी तापवतो, न जळता गळला तर जास्तच. समुद्र तापला की पोवळ्याला रंग आणि अन्न पुरवणारं बारीक शेवाळ निघून जातं, आणि पोवळं उपाशी मरतं. तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं.

पोरीकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून त्याच संध्याकाळी मी त्याला फोन लावला. चुकलो म्हणालो, तुला तेव्हा खरं सांगितलं नाही.



"मला तवाच म्हाईत होतं रे," तो म्हणाला. "नोकरी तर सोडता येत नव्हती. कुणापाशी तरी बोलावं म्हणून तुला इचारलं. तू लगेच उत्तरच देऊन टाकलंस."