बुडालेल्या गलबतातला गूळ

वैशाख वद्य पंचमी, मंगळवार. ठाण्यात हजर: मी फौजदार, हवालदार, एक शिपाई, फिर्यादी गूळ व्यापारी आणि आरोपी तांडेल. कोल्हापूरच्या महाराजांच्या कारकिर्दीतली ही हजेरी मला अजून तोंडपाठ आहे.

व्यापाऱ्याचं गलबत कोकणातल्या बंदरातून कोल्हापूरचा गूळ मुंबईला नेई; येताना मीठ आणि खोबरं आणी. या खेपेला गूळ घेऊन जाताना ते गलबत भर समुद्रात उलटलं. चार खलाशी बुडाले. गलबत चालवणारा तांडेल फळीला धरून वाचला आणि घाट चढून स्वतःच खबर द्यायला आला. व्यापाऱ्याने त्याच्यावरच फिर्याद ठोकली.

"गूळ इकून गलबत बुडवलंय ह्यानं! एक ढेप तरी काठाला लागली का, इचारा की!"

शाबीत झालं असतं तर तांडेल सक्तमजुरीवर गेला असता. जबाबात तो एकच धरून बसला.

"सायबानू, गलबतात पाणी शिरला. आमी उपशीत होतो ता पाणी गोड होता. मगे वारो इलो नि गलबत आडवा झाला."

"सरबत प्यालास व्हय रं?" हवालदार म्हणाला. मीही हसलो.

आम्ही घाटावरची माणसं, समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. तरी पडताळा म्हणून घोड्याच्या डोणीत खारं पाणी करून गुळाची ढेप टाकली आणि शिपायाला ढवळायला बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तळाशी मूठभर लगदा उरला होता.

पण गूळ विरघळला म्हणून गलबत उलटावं का? उत्तर बंदरावर गूळ पोचवणाऱ्या गाडीवानाने आणलं.

"तोल ऱ्हावा म्हणून तळात दगडं असत्यात न्हवं? ती शेटनी भाईर काढाय लावली. म्या बघितलंय की. अजून धक्क्यावर पडल्यात."

मी व्यापाऱ्याकडे पाहिलं.

"गूळबी जडच की, सायेब," तो म्हणाला. "दगडापायी जागा का वाया घालवायची?"

बोलता बोलता तो डोणीतल्या लगद्याकडे बघू लागला. दगडांच्या जागी भरलेला गूळ पाणी झाला होता, आणि ती माणसं जीव वाचवण्यासाठी तोच भार बादल्यांनी समुद्रात ओतत राहिली होती.

जबाब ऐकून हसू आलं, तर तो आधी तपासायचा, हे मी पुढे प्रत्येक नव्या शिपायाला सांगितलं.

तिघा खलाशांच्या घरी निरोप गेले. चौथा, स्वयंपाकी, ऐन वेळी चढला होता; त्याचं गाव कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याची धक्क्यावर राहिलेली पेटी गाडीवानाने आणून दिली. सुटताना तांडेल म्हणाला, "माझा झाला, सायबानू. ह्या पेटीचा तेवढा बघा."

पेटी पोचवायची अजून बाकी आहे.