हा तो बैल नाही

मागच्या रविवारी फोनवर मी ही गोष्ट सांगायला लागले, तर धाकट्या, तू मला मध्येच थांबवलंस. "आजी, असं कसं? रंग दिला तरी बैल तोच असतो ना!" आता तू सहा वर्षांचा आहेस आणि तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण चार वर्षांचा असताना तुला तसं वाटत नव्हतं, आणि मला ते वेळेवर कळलं नाही. ताईला विचारलं तर ती तिच्या बाजूने सांगेल. म्हणून मीच सगळं क्रमाने लिहून ठेवते.

त्या वर्षी तुमचे आईबाबा कॅनडाला पुढे गेले होते. तिकडे घर लागलं की तुम्हाला न्यायचं ठरलं होतं. पुण्याचं घर रिकामं झालं आणि तुम्ही दोघं जूनमध्ये आमच्याकडे, पुलगावला आलात. ताई सात वर्षांची होती. मी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं, त्यात तिने लगेच दोन चुका काढल्या. तू तिकडे पाहिलंही नाहीस. तुला त्याच दिवशी माळ्यावरच्या सामानात बाबांचा लहानपणचा लाकडी बैल सापडला होता.

वीतभर उंचीचा, चाकं लावलेला, साधाच बैल. पोटाला एक खड्डा, एका शिंगाचं टोक गेलेलं, रंग जवळजवळ सगळा उडालेला. ओढला की करकरायचा. तू जेवताना तो ताटाशेजारी आणि झोपताना उशाशी असे. आंघोळीच्या वेळी तू त्याला न्हाणीघराच्या दाराबाहेर उभा करायचास, तोंड आतल्या बाजूला. मधूनमधून आतून विचारायचास, "आहेस ना?"

ऑगस्टच्या सुरुवातीला तिकडे आईने केस कापले. कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत आले. व्हिडिओ कॉलवर तू तिच्याकडे थोडा वेळ पाहत राहिलास, मग माझ्या मांडीवरून घसरून बैलाला घेऊन मागच्या पडवीत गेलास. त्यानंतर आईचा फोन आला की तू येतच नव्हतास. "सोडून आले म्हणून रागावलाय तो," असं म्हणून आई रडली. मलाही तसंच वाटलं. तुम्हाला निघायला महिनाभर उरला होता. विमानतळावर हा मुलगा आईकडे गेलाच नाही तर काय, ही काळजी मी कोणाला बोलून दाखवत नव्हते.

तेवढ्यात पोळा आला. तुमच्या तिकडच्या मित्रांना सांगता यावं म्हणून लिहिते: पोळा बैलांचा, आणि आपल्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तो मुलांचा. मुलं आपापले लाकडी बैल सजवून ओढत नेतात, घरोघरी बैलाला ओवाळतात आणि मुलांच्या हातावर खाऊ ठेवतात. घरातल्या बैलाला त्याआधी नवा रंग द्यायचा, ही आमच्याकडची रीत. तुमचे बाबा शिकायला बाहेर गेले तेव्हापासून ती बंद पडली होती. मला वाटलं, पुन्हा सुरू करावी. पोळ्याच्या दोन दिवस आधी तू दुपारी झोपलेला असताना मी तुझ्या उशाजवळून बैल उचलला आणि सुताराकडे दिला. संध्याकाळी तो परत आला तो पांढराशुभ्र, लाल शिंगांचा. चाकं नवी, शिंगाचं टोक बसवलेलं, पोटाचा खड्डा बुजवलेला. मी फार खूश होते.

"माझा बैल कुठे आहे?" तू विचारलंस.

"हा काय!"

"हा तो बैल नाही."

"अरे वेड्या, तोच आहे," ताई म्हणाली. "फक्त कलर केलाय."

"तो नाही. तो कुठे गेला?"

तुमचे आबा झोपाळ्यावरून म्हणाले, "घ्या! बैलाले बी आजीच्या शिस्तीचा रंग लागला." मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. तू रडला नाहीस. पलंगाखाली पाहिलंस, मग दाराबाहेर. पुन्हा माळ्यावर शोध, म्हणालास. मी तुला परोपरीने समजावलं, अगदी मुद्देसूद. लहान मुलाला रूप बदललं की वस्तूच बदलली असं वाटतं, हे मी बी.एड.ला शिकले होते, पुढे इतरांना शिकवलंही होतं. माझ्याच घरात ते माझ्यासमोर उभं होतं आणि मी मुद्दे मांडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला आणि बैलाला घेऊन सुताराकडे गेले. त्याच्या ओट्यावर पन्नासेक बैल वाळत होते.

"काऊन जी मॅडम, रंग नाई जमला?"

"रंग छान आहे. पण नातू म्हणतो, हा आमचा बैल नाही."

तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. तुझ्यासमोर उकिडवा बसला. "तुहा बैल कसा होता रे बापू?"

"करकर करायचा. आणि पोटाला खड्डा होता."

"खड्डा होता? मंग पाहू आपण." त्याने बैल उताणा केला आणि तुझ्या हातात पॉलिश पेपर दिला. "घास. माह्यावर भरोसा ठेवू नको, तूच घास."

तू घासलंस. पांढरी भुकटी पडली, खड्ड्यात भरलेली लांबी निघाली, खाली जुनं काळपट लाकूड आणि तो खड्डा दिसला. तू त्यात बोट घातलंस. मग त्याने तुझ्या डोळ्यांसमोर त्यावर ब्रश फिरवला आणि ओला रंग लगेच फडक्याने पुसला. "परत," तू म्हणालास. असं चार वेळा झालं. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पण त्याला घाई नव्हती.

"आत तोच आहे?" तू विचारलंस.

"भाएरून बी तोच आहे. कपडे बदलले त्यानं. तू आज लाल शर्ट घालून राह्यला, त काल का दुसरा होता?"

तू बराच विचार केलास. "काल मी निळा होतो."

आता मात्र तो पोट धरून हसला. निघताना त्याने एक जुनं चाक शोधून परत बसवून दिलं, करकरणारं.

बैल ओढत तू माझ्याबरोबर चाललास. बाजाराच्या कोपऱ्यावर थांबून म्हणालास, "आजी, आईच्या आत पण आईच आहे का?"

मागून मोटरसायकलवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा आपण रस्त्याच्या मधोमध उभे आहोत हे मला समजलं. म्हणजे तू रागावला नव्हतास. तीन आठवडे तू एका अनोळखी बाईशी बोलायला नकार देत होतास, आणि आम्ही तुला रोज तिच्यासमोर बसवायला पाहत होतो.

घरी येताच मी आईला निरोप पाठवला: समजावू नकोस, त्याच्यासमोर केस बांध आणि सोड. संध्याकाळी फोन लागला. तिकडे सकाळ होती. तू बैल मांडीवर घेऊन बसलास. आईने केसांना टॉवेल गुंडाळला, काढला. क्लिप लावली, काढली. बाबांची टोपी घातली. "परत," तू म्हणालास, आणि तिने परत केलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती.

मग तू स्क्रीनला नाक लावलंस. "कापताना दुखलं का तुला?"

"नाही रे राजा. जरासुद्धा नाही."

"रक्त आलं?"

"नाही."

"बरं," तू म्हणालास, आणि बैलाचं पोट कॅमेऱ्यासमोर धरून तिला सुताराची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागलास. ताई शेजारी आपला नंबर लागायची वाट पाहत राहिली. तो त्या दिवशी लागलाच नाही.